मानसशास्त्रात एम.ए. करावं का? अर्ज भरण्याआधी ठरवायच्या गोष्टी

बी.ए.चं तिसरं वर्ष संपत आलं की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे एम.ए.चा अर्ज आपोआप येऊन पडतो. वर्गातले सगळे भरतात म्हणून आपणही भरतो. दुसऱ्या शाखांतून येणाऱ्यांचं वेगळं असतं. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्स होऊन नोकरीत काही वर्षं गेली की ‘लोक आपल्याकडे मन मोकळं करतात, मग यातच पुढे जावं’ असं वाटू लागतं. दोघांनाही आमचं सांगणं एकच आहे: पदवी शेवटी निवडा. आधी काम ठरवा, मग त्या कामाला कोणती नोंदणी लागते ते बघा, आणि ती नोंदणी ज्या शिक्षणातून मिळते तेच शिक्षण घ्या. हा क्रम उलटा झाला की दोन वर्षं आणि बरेच पैसे खर्च झाल्यावर समजतं, की हातातल्या पदवीवर हवं ते काम करताच येत नाही.

पायरी १: पाच वर्षांनंतरचा एक दिवस लिहून काढा

‘मला मानसशास्त्र आवडतं’ एवढ्यावर काही ठरत नाही. पाच वर्षांनी एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही नेमकं काय करत असाल, ते पाच-सहा ओळींत लिहा. समोर कोण बसलंय? हातात काय आहे? पगार कोण देतंय?

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून रुग्णाची माहिती घेणं, चाचण्या करणं, अहवाल लिहिणं, मानसोपचार देणं हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम. शाळा-कॉलेजात किंवा सामाजिक संस्थेत मुलं-पालकांशी बोलणं हे समुपदेशकाचं. वर्गात शिकवायचं असेल तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि बहुतेकदा पीएच.डी. कंपनीतली भरती, प्रशिक्षण, कामगिरीचं मूल्यमापन हे औद्योगिक मानसशास्त्राचं क्षेत्र. तिथे तुमची स्पर्धा मनुष्यबळ व्यवस्थापनात एम.बी.ए. केलेल्यांशी असते, हे लक्षात ठेवा. मतिमंदत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसोबत रोज काम करायचं असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड. कदाचित जास्त सरळ पडेल. कुटुंब, वस्ती, व्यसनमुक्ती, पुनर्वसन यांत जास्त रस असेल तर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, बघा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही त्यासाठीची जुनी ठिकाणं आहेत.

लिहिलेल्या ओळींत ‘औषध देणं’ आलं असेल तर थांबा. ते मनोविकारतज्ज्ञाचं काम आहे. त्यासाठी एम.बी.बी.एस. आणि पुढे सायकियाट्रीत एम.डी. किंवा डी.एन.बी. लागतं. मानसशास्त्रातल्या कोणत्याही पदवीने, अगदी पीएच.डी.नेही, औषध लिहून देता येत नाही. बारावीत विज्ञान घेतलेल्या आणि अजून नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा विचार सोडून न दिलेल्या विद्यार्थ्याने हा फरक एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात कळण्याची वाट बघू नये.

पायरी २: नोंदणी कुठली लागते ते बघा

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे, म्हणून थोडं सविस्तर.

भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. आरसीआयचा कायदा १९९२ चा आहे. नोंदणी नसताना या कायद्याखालची व्यावसायिक सेवा दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही आरसीआय-मान्य शिक्षणाशी जोडलेली आहे. मानसशास्त्रातलं साधं एम.ए., मग त्यात ‘क्लिनिकल’ हा विशेष विषय घेतलेला असला तरी, या नोंदणीला पुरत नाही.

वर्षानुवर्षं मार्ग ठरलेला होता: एम.ए.नंतर आरसीआय-मान्य संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना मुदत वाढवून मिळाली, तीही २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत. त्याच्या जागी आरसीआयने एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) असे स्वतःच्या मान्यतेचे अभ्यासक्रम पुढे आणले आहेत. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या ताई-दादाचा सल्ला मनापासूनचा असला तरी तो जुन्या व्यवस्थेचा असू शकतो.

यातून नावांचा एक घोळ झालाय. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ याच नावाचा अभ्यासक्रम एखादं विद्यापीठ आरसीआयच्या मान्यतेशिवायही चालवत असतं, आणि तेच नाव आरसीआय-मान्य अभ्यासक्रमालाही आहे. माहितीपत्रकावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे माहितीपत्रकावर विसंबू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची राज्यवार यादी असते. तिच्यात संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, मान्यतेची मुदत आणि जागांची संख्या या चारही गोष्टी जुळवून बघा. मान्यता ठरावीक वर्षांपुरती असते. तुमच्या प्रवेशाचं वर्ष त्यात बसतं का, हे महत्त्वाचं. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ असं उत्तर मिळालं तर ते ‘मान्यता नाही’ असंच समजा. मान्य अभ्यासक्रम असेल तर पुढचा प्रश्न असा: तो पूर्ण केल्यावर नोंदणी नोंदवहीतल्या कोणत्या प्रवर्गात होते, आणि त्या प्रवर्गात स्वतंत्रपणे व्यवसाय करता येतो का? उत्तर लेखी, निदान ईमेलवर घ्या.

समुपदेशकाची गोष्ट वेगळी आहे. या कामासाठी एकच एक परवाना इतकी वर्षं नव्हता, आणि त्यामुळेच शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रांचा बाजार फोफावला. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर मिळणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्राला कायद्याचा काही आधार नसतो. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हे चित्र बदलायला घेतलं आहे. आरसीआयखाली येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ या कायद्याच्या परिशिष्टात आहेत.

त्याचा पहिला मोठा परिणाम नोकरी करत शिकणाऱ्यांवर झाला. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे यूजीसीने विद्यापीठांना कळवलं. इग्नूचं दूरस्थ एम.ए. हा नोकरदारांचा आणि संसार सांभाळून पुन्हा शिकू पाहणाऱ्या बायकांचा मोठा आधार होता. त्यांचं नुकसान खरं आहे आणि ते आम्हाला लहान वाटत नाही. पण म्हणूनच सावध राहायला हवं. कुणी आजही ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, मान्यताप्राप्त’ अशी जाहिरात करत असेल तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या सत्राची यादी तपासा.

पायरी ३: दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात ते चाखून बघा

एम.ए.च्या वर्गात मनावरच्या गप्पा कमी आणि आकडे जास्त असतात. संशोधन पद्धती, सांख्यिकी, मानसशास्त्रीय चाचण्या, प्रात्यक्षिकांच्या वह्या, लघुप्रबंध. महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४ श्रेयांक आहेत, दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षणाला म्हणजे ओजेटीला ४, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्पाला ४ आणि ६. म्हणजे आकडेमोड टाळून एम.ए. पार पडत नाही. दहावीनंतर गणिताला हात न लावलेल्यांची इथे दमछाक होते. कारण त्यांना गणित येत नाही असं नसतं. पहिल्या सत्रात ते मागे पडतात आणि लघुप्रबंधाच्या वेळी तीच सांख्यिकी पुन्हा समोर येते.

अर्ज भरण्याआधी एक महिना हे करून बघा. ओळखीच्या वीस जणांचे झोपेचे तास आणि मोबाईल वापराचे तास लिहून घ्या. सरासरी आणि प्रमाण विचलन हाताने काढा, दोन्हींतला सहसंबंध काढा, मग तेच जामोवी किंवा जास्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकून उत्तर जुळतं का बघा. त्यानंतर ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’चे अंक उघडा. ते इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तुमच्या आवडीच्या विषयावरचा एक शोधनिबंध घेऊन त्यातला पद्धती आणि निष्कर्षांचा भाग ओळ न ओळ वाचा. न समजलेले शब्द वहीत उतरवा. महिन्याअखेर वही भरली आणि तरी पुढचा निबंध उघडावासा वाटला, तर हे शिक्षण तुम्हाला मानवेल. प्रत्येक वेळी ‘हा भाग सोडून देऊ’ असं झालं असेल, तर तुमची आवड मानसशास्त्रावरच्या लोकप्रिय पुस्तकांपुरती असू शकते. तिच्यात कमीपणा काही नाही, पण तिच्यासाठी एम.ए. लागत नाही.

भाषेचाही विचार करा. पाठ्यपुस्तकं जवळपास सगळी इंग्रजीत, नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत, आणि समोर येणारा माणूस मात्र मराठीत, अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत बोलणारा. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र जड जातं, पण प्रत्यक्ष कामात त्यांची बाजू भक्कम असते. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जाम झालंय’, ‘छातीत धडधडतं’ यांतला फरक ज्याला घरातूनच ऐकून माहीत आहे, तो मुलाखत चांगली घेतो. चाचण्यांतही हेच. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केलेली बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरात आहे, कारण परदेशी चाचणीचं नुसतं भाषांतर करून भागत नाही.

आकडेमोडीबरोबर माणसांचाही अंदाज घ्या. पुण्यातली कनेक्टिंग किंवा मुंबईतली समॅरिटन्स यांसारख्या संस्था स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन ऐकण्याच्या कामाला घेतात. काही महिने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीवर बसून, सल्ला न देता ऐकायला जमतं का ते बघा. मित्रांना धीर देणं आणि एका दिवसात ओळीने पाच अनोळखी माणसांचं दुःख ऐकून प्रत्येकाची नोंद नीट लिहिणं, यांत फार अंतर आहे.

पायरी ४: स्वतःच्या त्रासासाठी पदवी घेऊ नका

हे थोडक्यात, पण मनापासून. चिंता, नैराश्य, घरातला आघात यांतून जात असताना ‘मानसशास्त्र शिकलो तर मला माझंच कळेल’ या आशेने बरेच जण येतात. अशा अनुभवातून आलेली माणसं उत्तम काम करू शकतात. पण वर्ग हा उपचार नाही. अभ्यासात रोज आजारांची लक्षणं वाचावी लागतात, प्रशिक्षणात तीव्र आजाराचे रुग्ण भेटतात, आणि आपली जखम ओली असेल तर दोन्ही झेपत नाही. आधी उपचार घ्या, स्थिर व्हा, मग ठरवा. एक वर्ष उशीर झाल्याने काही बिघडत नाही. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पायरी ५: कॉलेज आतून बघा

नावाजलेलं कॉलेज म्हणून डोळे झाकून प्रवेश घेऊ नका. सध्या दुसऱ्या वर्षात असलेल्या दोन विद्यार्थ्यांना गाठा आणि हे विचारा:

– ओजेटी कुठे झाली, आणि तिथे नेमकं काय केलं? प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक साधारण ३० तासांचा धरतात, म्हणजे ४ श्रेयांकांचे सुमारे १२० तास होतात. ते रुग्णांच्या सहवासात गेले की फाईली लावण्यात आणि समाजमाध्यमांच्या पोस्ट बनवण्यात?
– तुम्ही घेतलेल्या मुलाखतीची नोंद कुणी वाचून दुरुस्त करून दिली का? किती वेळा?
– चाचण्यांचे मूळ संच विभागात आहेत की झेरॉक्सवर काम चालतं?
– पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती?
– मागच्या तुकडीतले लोक आज कुठे आहेत? नावं नकोत, कामं सांगा.

दुसऱ्या प्रश्नाचं वजन सगळ्यांत जास्त. मानसोपचाराचं कौशल्य पुस्तकातून येत नाही; आपण केलेल्या कामावर अनुभवी माणसाने बोट ठेवून ‘इथे घाई केलीस’ म्हणावं लागतं. ज्या विभागात हे होत नाही, तिथून चांगल्या गुणांनी बाहेर पडलेला विद्यार्थीही पहिल्या रुग्णापुढे गोंधळतो.

जमल्यास काम होतं ती जागाही पाहून या. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. कॉलेजच्या पत्राने शैक्षणिक भेट मिळू शकते. रुग्णालय बघून मन मागे हटलं, तर तेही उत्तरच आहे, आणि ते आत्ता मिळालेलं बरं.

पायरी ६: वर्षं आणि पैसे मांडा

बारावीनंतर तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए., आणि क्लिनिकलकडे जायचं तर त्यापुढचं आरसीआयचं शिक्षण. एकही वर्ष वाया न जाता हा हिशोब चोवीस-पंचविशीपर्यंत जातो. पण मान्य संस्थांतल्या जागा मोजक्या असल्यामुळे पहिल्याच प्रवेश परीक्षेत निवड होईल असं धरून चालू नका. एक जादा वर्ष हिशोबात टाका. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एम.ए. एका वर्षात करता येण्याची सोय नव्या रचनेत आहे. पण एका वर्षात प्रत्यक्ष सराव कमी होतो, म्हणून समुपदेशनाकडे जाणाऱ्यांनी शक्य असेल तर दोन वर्षांचाच पर्याय घ्यावा, असं आमचं मत आहे.

अनुदानित कॉलेज किंवा विद्यापीठ विभागात वर्षाची फी हजारांत असते, खासगी विद्यापीठात लाखांत. फीपेक्षा मोठा खर्च पुण्या-मुंबईतल्या राहण्याचा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या बघा, पण पैसे उशिरा जमा होतात हे धरून निदान एका सत्राचा खर्च हाताशी ठेवा.

कमाईबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात मानसिक आजार आढळला, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. हे आकडे दाखवून ‘या क्षेत्रात प्रचंड मागणी’ असं सांगितलं जातं. गरज प्रचंड आहेच. पण गरज म्हणजे पगाराची जागा नव्हे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या जागा थोड्या आणि बऱ्याचशा कंत्राटी आहेत. शाळांतल्या समुपदेशकाला अनेकदा बदली तास आणि परीक्षेची पर्यवेक्षणंही दिली जातात. कॉलेजात कायम नेमणुकीआधी तासिका तत्त्वावर वर्षं जातात. स्वतःचं केंद्र काढलं तर पहिली दोन वर्षं भाडं निघेल एवढे लोक येतीलच असं नाही. म्हणून एम.ए.नंतर किमान दोन वर्षं कमी कमाईत निभावेल का, हा प्रश्न घरात बसून, आई-वडिलांसमोर किंवा जोडीदारासमोर, आकड्यांसह सोडवा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार असेल तर हा हिशोब आणखी काटेकोर हवा.

प्राध्यापकी किंवा संशोधन हवं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के लागतात. त्याखाली गेलात तर नेटला बसताच येत नाही. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून तिचे महिना ३७,००० रुपये आहेत. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात. या मार्गावर पैसा उशिरा येतो, पण निदान शिकण्यासाठी खिशातून जात नाही.

परदेशाचा विचार असेल तर

इथली पदवी तिथे जशीच्या तशी चालत नाही. अमेरिकेत स्वतंत्रपणे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला साधारणपणे डॉक्टरेट आणि राज्याचा परवाना लागतो, ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही संरक्षित उपाधी आहे आणि एचसीपीसी या तिथल्या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. तिथेच राहायचं पक्कं असेल, किंवा लग्नानंतर जाण्याची शक्यता असेल, तर तिथल्या नोंदणी संस्थेच्या अटी आधी वाचा. इथे शिकताना प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम आणि देखरेखीखाली केलेल्या कामाच्या तासांचा सही-शिक्क्याचा दाखला त्याच वेळी घेऊन ठेवा. आठ वर्षांनी विभागप्रमुख बदललेले असतात आणि कागद सापडत नाहीत.

पायरी ७: ठरलंच, तर तारखा आणि कागद

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, बी.ए.चा शेवटचा निकाल लागायच्या कितीतरी आधी. राज्यातल्या विद्यापीठांचे प्रवेश निकालानंतर, उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतात. दोन्हींकडे अर्ज करा. बी.ए.ला मानसशास्त्र नसेल तर तुम्हाला पात्र धरतात का, हे प्रत्येक विद्यापीठाला वेगळं विचारा. नियम एकसारखे नाहीत.

इतर मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट डिसेंबरआधी उरकावी. राज्यातल्या प्रवेशाला चालणारा दाखला केंद्रीय परीक्षेला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते, ती आधी तपासा. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपत असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतू केंद्रात नवा अर्ज टाका, कारण जूनमध्ये तिथे सगळ्याच शाखांच्या मुलांची गर्दी असते आणि दाखला हातात पडेपर्यंत पहिली गुणवत्ता यादी लागून गेलेली असते.